चिठ्ठी आणि तिकीट

तहसील कचेरीचं सभागृह. टेबलावर प्लास्टिकची पारदर्शक बरणी, आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. शेजारी शाळेच्या गणवेशात आणून उभी केलेली चौथी-पाचवीतली मुलगी. तिने बरणीत हात घालायचा, चिठ्ठी काढायची, साहेबांनी ती उलगडून सगळ्यांना दिसेल अशी धरायची. सरपंचपदाची आरक्षण सोडत चालू आहे. खुर्च्यांवर जवळजवळ सगळे पुरुष. ‘सर्वसाधारण स्त्री’ असं वाचलं गेलं की मागच्या रांगेतला कुणीतरी उठतो आणि फोन कानाला लावून बाहेर जातो. पलीकडे त्याची बायको असते. “शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेव,” एवढंच तिला कळतं, कशासाठी ते घरी आल्यावर. रात्री त्याच्या स्टेटसला बॅनर झळकतो: ‘भावी सरपंच सौ. अमुक अमुक’. सौ.चा फोटो पासपोर्टएवढा आणि नवरा हात जोडून, फेटा बांधून, पूर्ण उभा.

याला हसून मोकळं होता येतं, आपण सगळेच हसतो. पण बायकांचं राजकारणातलं स्थान कशावर ठरतं हे समजून घ्यायचं असेल तर या बरणीपासूनच सुरुवात करायला हवी. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या सगळ्यांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. विधानसभेत मात्र एकही राखीव नाही. तिथे २०१९ साली २८८ पैकी २४ बायका निवडून आल्या आणि २०२४ मध्ये तेवढ्याही नाहीत. गाव तेच, मतदार तेच, बायकाही त्याच. मग एका सभागृहात निम्म्या आणि दुसऱ्यात बाराव्या हिश्शालाही कमी, असं का?

हा प्रश्न राज्यभर पसरून बघण्यापेक्षा एकाच जिल्ह्यात बघू. मी जळगाव घेतो, कारण या विषयातली जवळजवळ सगळी उदाहरणं त्या एका जिल्ह्यात सापडतात.

१९६२ साली प्रतिभा पाटील जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. पुढे त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. १९८९ मध्ये, म्हणजे आरक्षणाची घटनादुरुस्ती व्हायच्या आधी, याच जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शेतकरी संघटनेच्या चळवळीतून बायकांचं अख्खं पॅनल निवडून आलं आणि ग्रामपंचायत बायकांच्या हाती गेली. याच गावात लक्ष्मीमुक्तीचं काम झालं, म्हणजे नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. सातबारा आणि सत्ता या दोन गोष्टी त्या लोकांनी एकत्र पाहिल्या, हे मला आजही विशेष वाटतं. नंतरच्या काळात सत्तेची चर्चा भरपूर झाली, सातबाऱ्याची कमी.

आता २०२४ कडे या. लोकसभेला जळगाव आणि रावेर या दोन्ही मतदारसंघांतून बायका निवडून आल्या, स्मिता वाघ आणि रक्षा खडसे. सहा महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा जिल्ह्यातल्या अकरा जागांवर अकरा पुरुष. ‘लोक बाईला मत देत नाहीत’ हे नेहमीचं उत्तर इथेच गळून पडतं. त्याच मतदारांनी मे महिन्यात दोन बायकांना दिल्लीला पाठवलं होतं.

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०२४ च्या लोकसभेला ८,३६० उमेदवार होते, त्यांत बायका आठशेच्या आसपास. निवडून आल्या ७४. म्हणजे उभ्या राहिलेल्या साधारण अकरा बायकांमागे एक जिंकली आणि पुरुषांत सोळांमागे एक. यातून लगेच ‘बायका जास्त जिंकतात’ असा निष्कर्ष काढू नका. हौसेने अपक्ष फॉर्म भरून अनामत घालवणाऱ्यांत पुरुषांचा भरणा मोठा असतो, त्यामुळे त्यांची सरासरी खाली येते. पण बाईला तिकीट दिलं की जागा गेली, असंही हे आकडे म्हणत नाहीत. अडचण मतपेटीच्या आधीच कुठेतरी आहे.

ती कुठे, हे पाहण्याआधी बरणीची गोष्ट पुरी करू.

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि देशभरातल्या पंचायती-नगरपालिकांत किमान एक-तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. फक्त सदस्यांच्याच नाही, सरपंच, सभापती, अध्यक्ष, महापौर या पदांच्याही निम्म्या जागा. यामुळे पक्षांपुढे आणि घरांपुढे पर्यायच उरला नाही. बाई शोधावीच लागली. कायदा इतका साधा आहे आणि म्हणूनच तो चालतो: चिठ्ठीशी वाटाघाटी करता येत नाहीत.

निवडून आलेल्या बाईचं काय होतं? माझ्या ओळखीतल्या एका ताईंचं सांगतो. पहिले सहा महिने त्यांनी ग्रामपंचायतीच्या कचेरीत पाऊल ठेवलं ते झेंडावंदनाला आणि मासिक सभेला. एरवी ग्रामसेवकच रजिस्टर घेऊन घरी येत, कुठे सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारलेली असे. ताई चुलीपुढून उठून, हात पुसून सही करत. ग्रामपंचायतीचे पैसे आता ऑनलाइन वळते होतात. त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते आणि ती एका डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या छोट्या वस्तूत असते. ते डोंगल ताईंच्या नवऱ्याच्या खिशात, मोटारसायकलच्या किल्लीला अडकवलेलं. सरपंचपती म्हणजे काय, हे मला त्या किल्लीकडे बघून कळलं.

मग एकदा गावात पाण्याची मोटर जळली. हंडे घेऊन बायका आल्या त्या ताईंच्या दारात, नवऱ्याच्या पारावर नाही. ताईंना विचारायला लागलं: मोटर कधी भरून आणली होती, किती बिल झालं, परत कशी जळली? बिल काढून बघितलं तर तीच मोटर वर्षात तिसऱ्यांदा. त्या दिवसापासून त्या सही करण्याआधी कागद वाचू लागल्या. बाकी काही नाट्यमय घडलं नाही. डोंगल मात्र घरातल्या देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात येऊन पडलं.

ही एका गावची गोष्ट झाली. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर दुफ्लो यांनी राघवेंद्र चट्टोपाध्याय यांच्यासोबत पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास केला, त्यांनाही हेच दिसलं. कुठली पंचायत राखीव होणार हे आळीपाळीने, नशिबाने ठरत असल्यामुळे तुलना स्वच्छ करता आली. जिथे प्रमुखपद बाईकडे होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, कारण तिथल्या बायकांच्या तक्रारी पाण्याच्या होत्या. बंगालमधल्याच पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बाई प्रमुख असण्याची पाळी ज्या गावांत दोनदा आली तिथे पुरुषांची ‘बाईला काय जमतंय’ ही धारणा सैल झाली आणि पोरींच्या आईबापांच्या त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षाही बदलल्या. दोनदा, हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी गाव फक्त सहन करतं.

आणि कधी सहनही करत नाही. पुन्हा जळगाव. २०२१ मध्ये विचखेडा गावात एक बाई सरपंच झाल्या. त्या सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार झाली. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, उच्च न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर याचिका फेटाळली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नाही, अशा अर्थाचं स्पष्ट निरीक्षण नोंदवलं. एका सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं, आणि पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षं तोवर सरून गेली होती.

कागदपत्रांचं प्रकरण याहून कंटाळवाणं, पण बायका गळतात त्या तिथेच जास्त. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला आणि पुढे जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जात वडिलांकडून येते असं कायदा धरतो, म्हणून लग्न झालेल्या बाईला माहेरचे कागद लागतात: वडिलांचा दाखला, आजोबांची नोंद, चुलत्याचं प्रमाणपत्र. माहेर दोन तालुके पलीकडे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदार यादीत सासरचं दुसरं, आधारवर तिसरं स्पेलिंग. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता आली नाही की पद जातं. पुरुषाला यातलं निम्मं त्याच गावच्या शाळेत मिळतं. शिवाय दोन अपत्यांची अट आहेच, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की स्थानिक निवडणुकीला अपात्र. तिसरं मूल हवं की नको हे ज्या घरात बाईला विचारलं जात नाही, त्या घरात शिक्षा मात्र तिच्या उमेदवारीलाही होते.

ताईंची पाच वर्षं संपली. पुढच्या सोडतीत त्यांच्या गावचं सरपंचपद खुलं झालं. ताई तोपर्यंत चांगल्या तयार झाल्या होत्या, घरकुलाची यादी, पंधराव्या वित्त आयोगाचा निधी, सगळं तोंडपाठ. पंचायत समितीला आपल्या गणातून, म्हणजे मतदारसंघातून, उभं राहावं म्हणून त्या तालुक्याच्या एका पुढाऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, “ताई, तुमच्या गणात यंदा पुरुष पडलंय.”

‘पुरुष पडलंय.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळेल. बरणीतल्या एकाही चिठ्ठीवर ‘पुरुष’ असं लिहिलेलं नसतं. खुली जागा म्हणजे कुणीही लढवावी अशी जागा, बाईनेसुद्धा. पण बोलीत तिचं नावच बदलून गेलं आहे. राखीव म्हणजे बायकांची, म्हणून उरलेली आपोआप पुरुषांची. निम्म्याचं आरक्षण हे किमान आहे, त्याचं कमाल करून टाकलं.

फिरत्या आरक्षणाचा हा तोटा सगळे मान्य करतात. पाच वर्षं शिकायचं आणि शिकून झालं की जागा हातातून जायची. तरी पूर्ण वाया जात नाही. मुंबई महापालिकेचा एक अभ्यास रिखिल भावनानी यांनी केला आहे. १९९७ साली जे वॉर्ड बायकांना राखीव होते आणि २००२ साली खुले झाले, त्या वॉर्डांत बाई निवडून येण्याची शक्यता दोन्ही वेळेस राखीव नसलेल्या वॉर्डांच्या जवळपास पाचपट निघाली. एकदा नगरसेविका झालेली बाई लोकांना माहीत होते, पक्षालाही माहीत होते. ती पुन्हा मागते.

पण यासाठी निवडणुका वेळेवर व्हायला लागतात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसला. राज्यातल्या इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचंही तेच. या काळात ‘लोकशाही थांबली’ अशी टीका झाली, ती बरोबरच. पण बायकांसाठी आणखी एक गोष्ट थांबली. विधानसभेला पोचण्याची त्यांची एकमेव पक्की शिडी स्थानिक संस्थांची, आणि त्या शिडीच्या पायऱ्याच काढून ठेवल्या होत्या. २०२४ ची विधानसभा अशा वेळी आली की अनेक शहरांत विद्यमान नगरसेविकाच नव्हत्या, सगळ्या ‘माजी’.

आता तिकीट.

विधानसभेचं तिकीट कुठे ठरतं? जाहीर सभागृहात नाही, मुलीच्या हाताने तर नाहीच. ते ठरतं रात्री अकरानंतर, विश्रामगृहावर, कुणाच्या तरी फार्महाउसवर, मुंबईतल्या बंगल्याबाहेर गाडीत थांबून. तिथे जो हजर असतो त्याचं नाव पुढे सरकतं. बाई रात्री एकला तिथे असली तरी बोलणारे असतात आणि नसली तरी ‘बघा, वेळ देत नाहीत’ म्हणणारे असतात. तिकिटाची मुख्य कसोटी ‘निवडून येण्याची क्षमता’. याचा अर्थ साध्या मराठीत पैसा, माणसं आणि कारखाना-बँक-शिक्षणसंस्था यांपैकी काहीतरी हातात असणं. विधानसभेच्या उमेदवाराची कायदेशीर खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे, आणि ती कागदावरचीच हे पोरासोरांना ठाऊक आहे. जिच्या नावावर सातबारा नाही ती बाई ४० लाख कुठून उभे करणार? विटनेरच्या लोकांनी दोन गोष्टी जोडल्या होत्या त्या यासाठी.

पक्ष बायकांना जागा देतात ती महिला आघाडीत. मोर्चाला, हळदीकुंकवाला, नेत्याच्या स्वागताला, बूथवर चिठ्ठ्या वाटायला आघाडी लागते. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार होते, बायका ३६३. ही तीच निवडणूक, जिच्या आधी ‘लाडक्या’ बहिणींच्या खात्यात महिना दीड हजार जमा करण्याची चढाओढ लागली होती. बहीण मतदार म्हणून हवी, उमेदवार म्हणून नको, याचा इतका सरळ हिशेब मी आधी पाहिला नव्हता.

स्मिता वाघ यांचंच बघा. २०१९ च्या लोकसभेला त्यांच्या पक्षाने जळगावची उमेदवारी त्यांना जाहीर केली आणि मग काढून घेऊन एका पुरुषाला दिली. पाच वर्षांनी पुन्हा दिली, तेव्हा त्या मोठ्या फरकाने जिंकल्या. मतदार दोन्ही वेळेस तिथेच होते.

घराणेशाहीचं काय, असा प्रश्न इथे हमखास येतो. रक्षा खडसे कोथळी गावच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषद, मग २०१४ साली खासदार. शिडीचं अगदी पुस्तकी उदाहरण, फक्त त्या एकनाथ खडसेंच्या सूनबाई आहेत हेही त्याच वाक्यात येतं. चोपड्यात २०१९ मध्ये लता सोनवणे आमदार झाल्या, त्यांच्या आधी २०१४ ला आणि नंतर २०२४ ला त्यांचे पती. गोव्याने तर कमाल केली: २०२२ मध्ये चाळीसपैकी तीन बायका आमदार झाल्या आणि तिघींचेही पती त्याच सभागृहात, मोन्सेरात, राणे आणि लोबो. तीन बायका आणि तीन जोडपी. याच गोव्यात वडील भाऊसाहेब बांदोडकर गेल्यावर १९७३ साली शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्रात वडिलांच्या पुण्याईवरसुद्धा बाई त्या खुर्चीपर्यंत पोचलेली नाही.

मला यात एक खटकतं. पुरुष पुढाऱ्यांतही मुलगे, पुतणे, जावई भरलेले आहेत, पण ‘कुणाची कोण’ ही चौकशी बाईचीच आधी होते. फरक इतकाच की पुरुषाला घराण्याशिवाय आणखी दोन-चार दारं असतात. बाईला बहुधा तेवढं एकच उघडं मिळतं.

दुसरं दार चळवळीचं होतं. मृणाल गोरे गोरेगावच्या पाणीप्रश्नावरून वर आल्या, लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटलं. १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या बायकांना त्यांनी आणि अहिल्या रांगणेकरांनी राजकारणात आणलं. ते दार अगदीच बंद झालेलं नाही. दारूचं दुकान बंद करायला बायका मतदान मागतात, ‘आडवी बाटली’ हे दारूबंदीचं चिन्ह निवडून आणतात, हे राजकारणच आहे. पण बाटली आडवी करणाऱ्या बाईला पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळाल्याचं फारसं ऐकू येत नाही.

जगात जिथे बायका जास्त आहेत तिथे काय वेगळं आहे? बऱ्याचदा निवडणुकीची पद्धत. आपल्याकडे एका मतदारसंघात पक्षाचा एकच उमेदवार, त्यामुळे बाईला दिलं म्हणजे कुण्या पुरुषाचं कापलं. स्वीडनसारख्या देशात पक्ष नावांची यादी देतो आणि मतांच्या प्रमाणात यादीतली माणसं निवडून येतात. तिथे एक पुरुष, एक बाई अशी यादी लावणं सोपं जातं. शेजारच्या नेपाळने नियम केला की पालिकेच्या प्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांसाठी पक्षाने दोघांना उभं केलं तर त्यांत एक बाई हवी. २०१७ मध्ये निकाल लागला: उपप्रमुख बहुतेक बायका, प्रमुख बहुतेक पुरुष. पळवाट काढण्यात आपलाच शेजारी.

कायद्याशिवायही जमतं, हे ओडिशाने दाखवलं. २०१९ ला बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी ७ तिकिटं बायकांना दिली, त्यांतल्या पाच जिंकल्या. दुसऱ्या पक्षाच्या दोन धरून ओडिशातून सात बायका संसदेत गेल्या, बरोबर एक-तृतीयांश. त्या वेळी त्यांना कुठलीही बरणी लागली नव्हती.

आणि विधानसभेची बरणी? १९९६ मध्ये पहिलं विधेयक आलं, २०१० मध्ये राज्यसभेत मंजूर होऊन लोकसभेत अडकलं, शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत विरोधात फक्त दोन मतं. लोकसभा आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा, पंधरा वर्षांसाठी, राज्यसभा आणि विधान परिषद वगळून. पण त्याच कायद्यात अट लिहिली आहे: आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. एक-तृतीयांश म्हणजे आजच्या २८८ च्या हिशेबाने ९६ मतदारसंघ. म्हणजे ज्यांचे मतदारसंघ राखीव होतील असे कितीतरी विद्यमान आमदार त्या दिवशी फोन कानाला लावून बाहेर जातील.

ताईंना मी हे सांगितलं. त्यांनी कपाटातून प्लास्टिकची फाइल काढून दाखवली. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वैधता, तीन नावांचं एक नाव केल्याचं राजपत्र, सगळं लॅमिनेट केलेलं. “कागद तयार आहेत,” त्या म्हणाल्या, “फोन कुणाच्या घरी येतो ते बघायचं.”